जुन्या गाडीचे किलोमीटर पडताळून पाहताना

2024 च्या दिवाळीआधी कोल्हापुरात जुनी गाडी शोधायला निघालो, तेव्हा मीटरवरचा आकडा खरा असल्याचा मीटरबाहेरचा पुरावा मिळेपर्यंत कोणालाही इसार द्यायचा नाही, असे मी ठरवले होते. डिजिटल मीटरमधील किलोमीटर एका छोट्या मेमरी चिपमध्ये साठवलेले असतात आणि योग्य यंत्र जोडले की ते कमी करता येतात. अंकांची चाके फिरणाऱ्या जुन्या मीटरमध्ये छेडछाड झाली की अंक कधी कधी वाकडे बसत. इथे तेवढीही खूण राहत नाही.

पहिली पसंत पडलेली गाडी 2017 ची डिझेल सेडान होती. पुणे पासिंग, आर.सी.वर एकच मालक आणि मीटरवर 52,300 किलोमीटर. उद्यमनगरातील माझ्या ओळखीच्या मेस्त्रींना मी सोबत नेले होते. मीटर चालू करून दाखवणाऱ्या एजंटकडे न पाहता ते खाली वाकले आणि मला म्हणाले, "पाहुणं, मीटर ऱ्हाऊ दे, आधी पेडल बघा." ब्रेक आणि क्लच या दोन्ही पेडलांवर कोरे रबर होते, पण ॲक्सिलरेटरच्या पेडलवरील रेघा उजव्या बाजूला पूर्ण झिजून प्लास्टिक गुळगुळीत झाले होते. सीटवर नवे कव्हर होते. ते बाजूला केल्यावर मूळ सीटची दाराकडची कड दबून फोम बसलेला दिसला.

मला सर्वात बोलका पुरावा टायरमध्ये सापडला. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरवर 1120, म्हणजे 2020 सालचा अकरावा आठवडा होता, आणि डिकीतील स्टेपनी मात्र 2017 चीच होती. म्हणजे मूळचे चार टायर बदलून झाले होते आणि हे दुसरे टायरही खाचांमधील झिजेच्या खुणेपर्यंत आले होते. टायरचा एक जोड साधारण 40 ते 50 हजार किलोमीटर चालतो, असे धरले तर दोन जोड झिजवलेली गाडी 52 हजारांवर कशी थांबेल? अर्थात टायर इतर कारणांनीही बदलले जातात, म्हणून केवळ एवढ्यावरून एजंटवर आरोप करणे मला योग्य वाटले नाही.

एम-परिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी हे सारे कळते, पण किलोमीटर कळत नाहीत. ते कळतात सर्व्हिसच्या जॉब कार्डावरून, कारण गाडी आत घेताना तारखेसह रीडिंग लिहिले जाते. "सगळी सर्व्हिस शोरूमचीच आहे, साहेब," असे एजंटने आधीच सांगितले असल्याने गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेण्यास त्याला नाही म्हणता आले नाही. तेथील सल्लागाराने आर.सी. पाहून चेसिस नंबर संगणकावर टाकला. शेवटची नोंद जुलै 2022 ची होती आणि तिच्यापुढे 1,18,640 किलोमीटर लिहिलेले होते. मीटर बिघडल्याने बदलला असेल, असे एजंट म्हणू लागला. पण अधिकृत ठिकाणी मीटर बदलला असता, तर त्याचे जॉब कार्ड जुन्या रीडिंगसह तिथेच निघाले असते. तसे काहीही नव्हते. आम्ही तिथूनच परतलो. कुटुंबासाठी पै-पै साठवून गाडी घेणाऱ्या माणसाची अशी फसवणूक होते, याची चीड मला आजही आहे, कारण प्रश्न केवळ किमतीचा नसतो: 52 हजारांची समजून वापरलेल्या गाडीचे क्लच, सस्पेन्शन आणि ब्रेक यांची कामे वेळेवर होतच नाहीत.

दुसरी गाडी एका निवृत्त शिक्षकांची, एमएच 09 पासिंगची पेट्रोल हॅचबॅक होती आणि मीटरवर 71 हजार होते. आकडा मोठा होता, पण सर्व्हिसची प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीपेक्षा जास्त आणि वर्षाला साधारण दहा हजारांच्या चालीने वाढत गेलेली होती. सरांनी फास्टॅगचे स्टेटमेंटही स्वतःहून दाखवले. कोल्हापूरहून पुण्याला जाताना किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे चार टोलनाके लागतात; त्या नोंदींतून लांबच्या फेऱ्या थोड्याच दिसत होत्या आणि त्या एकूण आकड्याशी जुळत होत्या. मेस्त्रींनी स्कॅनर लावून इंजिनच्या संगणकातील किलोमीटरही तपासले, तेही जुळले. काही गाड्यांत ही नोंद इंजिनच्या संगणकात नसतेच, त्यामुळे स्कॅनरवर काही दिसले नाही म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही.

व्यवहार ठरल्यावर विक्री करारात त्या दिवसाचे रीडिंग अंकी आणि अक्षरी लिहून त्याखाली दोघांनी सह्या केल्या, मीटरचा फोटो जोडला आणि मगच फॉर्म 29 व 30 भरून नावबदलासाठी दिले.