तुम्ही विचारलंत म्हणून: भाडेकरूने कमिटीत जावं का?

"ताई, सोसायटीचं एवढं बघता, मग कमिटीत का नाही जात?" घोडबंदर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन भाडेकरू आला की दोन महिन्यांत हा प्रश्न येतोच. जुने मालक तोच प्रश्न उलटा करतात: "तुम्ही भाडेकरू, मग यात पडता कशाला?"

कायद्याचं उत्तर छोटं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे कमिटी सभासदांमधून निवडली जाते, आणि भाडेकरू सभासद नसतो. फार तर नाममात्र सभासद. त्याला ना मत, ना निवडणूक. कमिटीची मुदत पाच वर्षं, माझं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं. हिशेब तिथेच संपतो.

पण विचारणाऱ्याला कायदा नको असतो. चूल इथे पेटते, मेंटेनन्स भाड्यातून आपल्याच खिशातून जातो, शिवाय मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तोही भाड्यातच धरलेला असतो (तो सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, २००१ पासूनचा नियम आहे, पावती एकदा बघून घ्या). आणि पाणी कधी सोडायचं हे ठरवणार कोण, तर पुण्याला राहणारे फ्लॅटमालक! आमच्या अकरा जणांच्या कमिटीत एका वर्षी चौघे असे होते. त्या वर्षी पाणी दुपारी दोनला येऊ लागलं. दुपारी दोनला घरी असतं कोण?

मी असते. माझं काम घरूनच चालतं. म्हणूनच टँकरचं प्रकरण माझ्या लक्षात आलं.

उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर रोजचाच. चलनावर दहा हजार लिटर, वॉचमनची सही, विषय संपला. पण तीन टँकर येऊन गेले तरी संध्याकाळी नळ सुस्कारे टाकायचे. पंपरूमशेजारी पेंटर एक बांबू विसरून गेला होता. त्यावर मी दर दहा सेंटिमीटरला ऑइलपेंटची रेघ मारून घेतली. जमिनीखालची टाकी पाच मीटर लांब, चार मीटर रुंद. दहा हजार लिटर ओतले तर पाणी अर्धा मीटर चढायला हवं. पंप बंद, पालिकेचं पाणी यायची वेळ नाही, अशी दुपार गाठली. बांबू आधी बुडवला, टँकर रिकामा झाल्यावर पुन्हा बुडवला. चढलं एक्केचाळीस सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी बेचाळीस. म्हणजे दर खेपेला सोळाशे ते अठराशे लिटर कुठेतरी रस्त्यातच राहत होते.

सेक्रेटरी काकांना सांगितलं. ते आधी म्हणाले, "ताई, तुमच्या मालकांना पत्र लिहायला सांगा." मालक नाशिकला, त्यांना आमची टाकी कुठल्या बाजूला आहे तेही ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी काकाच खाली आले, चष्मा कपाळावर सरकवून टाकीत वाकले आणि रेघा मोजल्या. नंतर टँकरवाला बदलला. कमिटीने पाण्याची उपसमिती केली, दोन सभासद आणि 'निमंत्रित' म्हणून मी. रजिस्टर माझ्याकडे, चेकवर सही त्यांची.

माझ्या मते भाडेकरूची जागा हीच. पाणी, वॉचमन, कचरा, गणपती, पार्किंगची भांडणं, जे रोज अंगावर येतं तिथे त्याला बोलवा, त्याचं ऐका, कामही द्या. मत मात्र देऊ नका. हे मी भाडेकरू असून म्हणते, कारण माझं मन मला ठाऊक आहे. जुनी लिफ्ट काढून नवी बसवायची चर्चा निघाली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवले सहावा मजला आणि दोन महिन्यांचे जिने. मत असतं तर मी "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं असतं. पुढच्या वर्षी मी इथे असेन याची खात्री नाही. ज्यांना वीस वर्षं त्या लिफ्टने जायचंय, त्यांचे पैसे, त्यांचा निर्णय. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी), रिडेव्हलपमेंट, त्यात तर मी शब्दही काढत नाही.

"भाडेकरू काय, आज आहेत उद्या नाहीत," हे मात्र ऐकून घेत नाही. या बिल्डिंगमध्ये मला नऊ वर्षं झाली. तेवढ्यात माझ्याच मजल्यावरचे दोन मालक घरं विकून गेले.

आता नव्या भाडेकरूंसाठी. सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा असते. आधी सेक्रेटरींना विचारा, चालत असेल तर मागे बसा. पहिल्याच सभेत जिम मागू नका, एकाने मागितली होती, अजून त्याला 'जिमवाले' म्हणतात. एक काम उचला, लहानसंच, आणि त्याची वही ठेवा. आमच्याकडे सध्या ओल्या कचऱ्याला कोणी वाली नाही.