चाकातली घरघर आणि उद्यमनगरातला प्रेस

काटा साठच्या पुढं गेला की गाडीच्या डाव्या बाजूनं घूंऽऽ असा आवाज यायला लागला. टायर बदला, असं टायरवाला म्हणाला. तो दुसरं काय म्हणणार! पण टायरचा आवाज डांबरीवर वेगळा आणि काँक्रीटवर वेगळा येतो. हा दोन्हीकडं सारखाच. शिवाय हायवेच्या लांब उजव्या वळणावर वाढायचा, डाव्या वळणावर दबायचा. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकांवर येतो, म्हणजे संशय डाव्या चाकाच्या बेअरिंगवर (छऱ्यांच्या ज्या कड्यावर चाक फिरतं, त्यावर). गाडी जॅकवर घेतली, एका हातानं पुढचं चाक फिरवलं आणि दुसरा हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवला. कानाला फारसं काही आलं नाही, पण बोटांना खरखर लागली, रव्यावरून लाटणं फिरवावं तशी.

माझ्या हॅचबॅकमध्ये पुढचं बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागात, दाबून बसवलेलं असतं. त्यामुळं खोलाखोल घरी आणि प्रेसचं (दाबून काढायच्या-बसवायच्या यंत्राचं) काम वर्कशॉपांची वस्ती असलेल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, असा बेत केला. एक्सल नट, म्हणजे चाकाच्या मधोमधचा मोठा नट, चाक जमिनीवर असतानाच सैल केला. पान्याला पाईप लावला आणि पुतण्याला ब्रेकवर बसवलं. त्या नटाची कड एक्सलच्या खाचेत ठोकलेली असते, ती आधी उचलावी लागते. पुढं ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेनं टांगला (ब्रेकच्या पाईपवर लोंबकळू देऊ नये), एबीएसचा (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर आणि नकलला जोडलेले टाय रॉड, बॉल जॉइंट काढले आणि नकल हातात आला.

उद्यमनगरात पहिल्या शेडमध्ये ‘प्रेस कशाला, हातोड्यानं बसवून देतो’ असं ऐकलं आणि तसाच बाहेर पडलो. दुसरीकडं प्रेस होता. हब (ज्यावर चाक बोल्टनं बसतं तो भाग) बाहेर आला, पण बेअरिंगची आतली रेस, म्हणजे आतलं कडं, त्याच्यावरच अडकून राहिली. मिस्त्रीनं ग्राइंडरनं तिला अर्धवट चिरली आणि छिन्नीचा एक ठोका दिला. पूर्ण चिरायला गेलं तर हबला चर पडतो.

नवं बेअरिंग बसवताना मी तिथून हललो नाही. नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर हवा. नंतर हब घालताना आतल्या रेसला खालून टेकू हवा. हे उलटं झालं की सगळा दाब छऱ्यांमधून जातो, रेसवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंगही लवकरच गुणगुणायला लागतं. मिस्त्री जाणता होता; त्यानं जुन्याच बेअरिंगची बाहेरची रेस दाबायला वापरली.

एबीएसच्या बेअरिंगची एक बाजू चुंबकी असते, ती सेन्सरकडं यायला हवी. दिसायला दोन्ही बाजू जवळपास सारख्याच. मी दोन्हींवर लोखंडाचा कीस भुरभुरला. एका बाजूचा सांडून गेला, दुसरीवर बारीक बारीक रेघांत उभा राहिला. मिस्त्रीनं कामावरच्या पोराला हाक मारून ते दाखवलं. बेअरिंग जागेवर धरणारी सर्क्लिप विसरली नाही ना, तेवढं बघितलं आणि घरी आलो.

जोडणीत विशेष काही नाही. एक्सल नट मात्र नवाच घ्यावा आणि मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क पान्यानं (नेमक्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळावा. तो पुरता आवळेपर्यंत चाकावर गाडीचा भार देऊ नये, नाहीतर बेअरिंगला इजा होते. नकल शॉकअपपासून सुटा केल्यानं अलाइनमेंटही करून घेतली. दुकानदार ‘जोडीनंच बदला’ म्हणत होता. ते ब्रेक पॅडचं ठीक आहे. उजवं चाक हाताला गुळगुळीत लागत होतं, त्याला मी हात लावला नाही.