गावीचा गुडघा आणि माझा

आवाज आला तो ‘टक’ असा. बोटं मोडल्यासारखा, पण जरा जाड.

डिसेंबर २०२३ चा पहिला रविवार, बडोद्याचं पोलो ग्राउंड, सकाळचे आठ वाजून गेलेले. कुणी धक्का दिला नव्हता, कुणी आडवं आलं नव्हतं. डावा पाय रोवला, अंग उजवीकडे वळवलं, आणि पाय काही अंगाबरोबर वळला नाही. मी धुळीत बसलो. आमचा गोलकीपर लांबून ओरडला, “ऊठ रे, कोणी कॅमेरा लावलेला नाहीये!”

त्याच्या बरोब्बर आठ दिवस आधी मी फार शहाणपणा केला होता. १९ नोव्हेंबरला अहमदाबादची क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल हरल्यावर अख्खं बडोदं सुतकात होतं. विजय हजारेंचं गाव हे, इथे फुटबॉल बघणारे आम्ही मूठभर. त्याच रात्री तिकडे व्हायाडोलिडला स्पेन-जॉर्जिया फुटबॉल सामन्यात बार्सेलोनाच्या, म्हणजे आमच्या बार्साच्या, गावीचा गुडघा गेला. पुढच्या रविवारी खेळून झाल्यावर नेहमीच्या लारीवर सेव-उसळ खाता खाता मी निकाल देऊन टाकला: १९ वर्षांचं पोर, कच्च्या वयात पिळून काढलं, आता हा पुन्हा तसा खेळणं शक्य नाही, बार्साने वेळेत विकून मोकळं व्हावं. ब्राझीलच्या नेयमारचाही नंबर लावला. ऑक्टोबरमध्ये उरुग्वेविरुद्ध त्याचंही एसीएल (गुडघ्याला आतून धरून ठेवणारा लिगामेंट) आणि मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) गेलं होतं. “तो तर संपलाच,” असं म्हणून मी वर जास्तीचा तर्रीवाला रस्सा मागितला होता.

नाना, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, घरी हे ऐकून म्हणाले होते, “कुठल्या गावी?” तो विनोद त्यांनी पुढे वर्षभर वापरला.

तर गुडघा. दोन-तीन तासांत तो नारळाएवढा झाला. आता कळतं की इतक्या झटपट सूज येते ती आत रक्त साचल्यामुळे, आणि तसं झालं की आधी एसीएलचाच संशय घ्यायचा. तेव्हा कळत नव्हतं, आणि घराजवळ ज्यांना दाखवलं त्यांनाही ते सुचलं नाही. एक्स-रे काढला, हाडं ठीक, “मुरगळलाय, क्रेप बँडेज बांधा, पंधरा दिवसांत पळाल.” एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही, ही साधी गोष्ट मला त्यानंतर सातशे रुपये आणि बारा दिवस घालवून समजली. आईचं वेगळंच. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातपाय मुरगळला की दांडिया बाजारातल्या आखाड्यात दाखवायची पद्धत. “आपल्या माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत योगवाले कुवलयानंद शिकून गेले, आणि तुला तिथे जायला लाज वाटते?” लाज नव्हती, पण चोळून घ्यायची छातीही नव्हती.

तेराव्या दिवशी जिना उतरताना गुडघा अचानक सटकला. दुखलं नाही, नुसता सरकला, ड्रॉवरसारखा. मग खरा अस्थिरोगतज्ज्ञ गाठला. त्याने मला आडवं केलं, गुडघा थोडासा वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. उजव्या पायाची नडगी थोडी येऊन खटकन अडली. डाव्याची आपली येतच राहिली. “बघा, ब्रेक नाहीये,” म्हणाला. एमआरआयने शिक्कामोर्तब केलं: एसीएल पूर्ण तुटलेलं, आतल्या बाजूच्या मेनिस्कसला छोटी चीर.

ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही, हेही त्यानेच सांगितलं. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत खुर्चीवर बसून काम करणारा माणूस व्यायामाने मांडी भक्कम करून निभावू शकतो. पण वळणं, थांबणं, उडी मारणं करायचं असेल, शिवाय गुडघा असा सटकत असेल, तर केलेलं बरं. “परत खेळायचंय का?” असं त्याने विचारलं तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती. मी छताकडे बघत “हो” म्हणालो.

लगेच करत नाहीत, आणि ते बरंच आहे. सूज उतरलेली हवी, पाय पूर्ण सरळ होत असला पाहिजे, मांडीत जीव हवा. नाहीतर ऑपरेशननंतर गुडघा आखडून बसतो. त्या तीन आठवड्यांत मी विम्याशी झुंजलो. कॅशलेससाठी कागद पाठवले, तर उलट प्रश्न आला: रुग्ण व्यावसायिक खेळाडू आहे काय? असल्यास पॉलिसीत बसत नाही. मी ३८ वर्षांचा, पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर आलेला माणूस. आयुष्यात इतका मान कुणी दिला नव्हता. डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं की सदर इसम हौशी आहे. ते पत्र ग्रुपमध्ये सगळ्यांनी मोठ्याने वाचलं. ज्यांना जायचंय त्यांना एवढंच सांगतो, इजा कशी झाली हे पहिल्या केसपेपरवरच नीट लिहून घ्या. ‘पडल्यामुळे’ आणि ‘खेळताना’ असे दोन कागदांवर दोन प्रकार दिसले की तुमचा महिना गेला.

९ जानेवारीला ऑपरेशन झालं. कमरेत इंजेक्शन, खालचा भाग बधिर, माझ्याच मांडीमागचा हॅमस्ट्रिंगचा एक तुकडा काढून, दुमडून, हाडात भोक पाडून आत ओढून बसवला. दोन दिवसांनी वॉकर घेऊन घरी.

आणि मग उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत. बडोद्यात १४ जानेवारीला तळमजल्यावर कोण असतं? वाडा अख्खा गच्चीत, वरून ‘काई पो छे’च्या आरोळ्या, लाऊडस्पीकर, उंधियूचा वास जिन्यातून खाली येतोय, आणि खाली मी, माझा ब्रेस, आणि जिने चढायचं सोडून दिलेले नाना. आदल्या दिवशी फुटबॉलच्या आशियाई कपात भारत ऑस्ट्रेलियाशी ०-२ हरला होता. मध्यंतरापर्यंत ०-० होतं म्हणून आम्ही दोघं उगाच आशेवर होतो.

व्यायाम करून घेणारी फिजिओ, तरुण मुलगी, सणालाही आली. तिने टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवली आणि सांगितलं, गुडघा खाली दाबा, मांडी आवळा. मी दाबला. काहीच झालं नाही. म्हणजे मी डोक्यातून हुकूम सोडत होतो, उजव्या मांडीचा पार दगड होत होता, आणि डावी मांडी समोर मऊ पिठाच्या गोळ्यासारखी पडलेली. माझी मांडी असून माझं ऐकत नव्हती. गुडघ्यात पाणी असलं की मेंदू मांडीच्या त्या स्नायूचा करंटच कमी करतो, असं तिने समजावलं. दुखण्यापेक्षा या गोष्टीने मी जास्त घाबरलो. तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीच्या वर एक बारीकशी थरथर दिसली, म्हशीच्या कातडीवर माशी बसल्यावर उठते तशी. मी बायकोला ओरडून बोलावलं.

सरळ करणं आधी, वाकवणं नंतर, हे लक्षात ठेवा. पाय पूर्ण सरळ नाही झाला तर जन्मभर लंगडाल. वाकण्याचं लक्ष्य होतं दोन आठवड्यांत ९० अंश. मी ८५ वर अडकलो. ती कोनमापक लावायची आणि म्हणायची, “अंकल, थोडुं वधारे,” म्हणजे अजून थोडं. अंकल हा शब्द गुडघ्याहून जास्त लागायचा.

२३ जानेवारीला संध्याकाळी ग्रुपमधला लिव्हरपूलवाला, म्हणजे त्या इंग्लिश क्लबचा भक्त, भेटायला आला. त्या दिवशी भारत सीरियाशी ०-१ हरून, तिन्ही सामन्यांत एकही गोल न करता स्पर्धेबाहेर गेला, आणि रात्री पॅलेस्टाइनने हाँगकाँगला ३-० हरवून पहिल्यांदाच बाद फेरी गाठली. घरी गाझात युद्ध चालू, आणि ही पोरं दोह्यात मैदानावर रडतायत. मी पलंगावर टाच मागे ओढत होतो, नाना आरामखुर्चीत.

लिव्हरपूलवाला म्हणाला, “हे सगळं ठीक आहे, पण खेळात राजकारण आणू नये.”

नाना उठून बसले. “न आणता चालतं कधी? १९९२ ला युगोस्लाव्हियाला युरो कपमधून काढलं, कारण संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध. त्यांच्या जागी डेन्मार्कला आयत्या वेळी बोलावलं, आणि त्यांनी कप नेला. त्यांच्या हेन्रिक अँडरसनची सेमीफायनलमध्ये गुडघ्याची वाटी फुटली होती, बघ!” शेवटचं वाक्य माझ्यासाठी.

“मग रशियाला चार दिवसांत कसं काढलं? २०२२ च्या फेब्रुवारीत २४ ला युक्रेनचं युद्ध, २८ ला बंदी. बाकीच्यांना का नाही?”

“हा प्रश्न विचारलास म्हणजे तूच आणलंस की राजकारण.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, बंदीचा अर्थ आपल्याला विचारा. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने आपल्याच फुटबॉल फेडरेशनला निलंबित केलं, बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन. भांडण कारभाऱ्यांचं, आणि गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला जाऊन पोचलेल्या, त्या न खेळता परत आल्या. बंदी दीड आठवड्यात उठली, त्यांची स्पर्धा गेली ती गेलीच.

“ते वेगळं,” म्हणे. आणि मग मूळ जखम बाहेर आली: २०२२ ची चॅम्पियन्स लीग फायनल सेंट पीटर्सबर्गहून पॅरिसला हलवली, तिथे गेटवर लिव्हरपूलच्या माणसांवर अश्रुधूर सोडला, सामना अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाला, आणि रिअल माद्रिद १-० ने जिंकलं. “पीटर्सबर्गला असती तर आम्ही जिंकलो असतो!” ज्याला खेळात राजकारण नको होतं त्याला युद्धाने आपली फायनल कशी घालवली हे मिनिटागणिक पाठ. मी इतका चिडलो की पलंगावर पुढे सरसावून, हात नाचवत, १९७३ ला चिलीच्या संघाने रिकाम्या गोलमध्ये बॉल मारून सामना ‘जिंकला’ तो किस्सा सांगायला लागलो. ज्या स्टेडियममध्ये कैदी डांबले होते तिथे सोव्हिएत संघाने खेळायला नकार दिला होता म्हणून. सांगून संपलं तेव्हा नाना माझ्या पायाकडे बोट दाखवत होते. टाच पार आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी कोनमापकाने ९६ दाखवले. फिजिओने विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, रशिया. त्यानंतर महिनाभर व्यायामाच्या वेळी कुणीतरी भांडायला हजर असेल अशी व्यवस्था नानांनी केली. ११० ला इराण, १२० ला कतार. कतारमध्ये जिवानिशी गेलेल्या मजुरांवरून मात्र भांडण झालं नाही, सगळे गप्पच झाले. वाड्यातल्या दोन घरांची माणसं आखातात आहेत.

पुढचे महिने कंटाळवाणे, त्यात सांगण्यासारखं एकच. दोन-अडीच महिन्यांनी दुखणं थांबतं, माणूस चालतो, बरा झालो वाटतं, आणि नेमका तेव्हाच नवा लिगामेंट कमजोर असतो. बसवला तेव्हा तो मजबूत होता; मग त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नवा रक्तपुरवठा हळूहळू येतो. मी अकराव्या आठवड्यात ऑफिसची लिफ्ट बंद म्हणून दोन-दोन पायऱ्या चढलो, तर फिजिओने अशी झापली की ‘अंकल’ म्हणायचीही विसरली.

भाचीने वेगळं झापलं. ती कॉलेजच्या टीमकडून खेळते. “मामा, तुम्ही सगळे गावी, नेयमार करत बसता. आर्सेनलच्या बायकांच्या टीममध्ये एका सीझनमध्ये चौघींचं एसीएल गेलं. मीड, मिडेमा, विल्यमसन, विनरॉयटर. तेव्हा कुठे होतात?” उत्तर नव्हतं. बायकांत ही दुखापत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते, हेही तिच्याकडूनच कळलं. आता तिच्या टीमचा वॉर्म-अप मीच बघतो, शिट्टी घेऊन.

जूनमध्ये युरो आली तेव्हा मी सरळ रेषेत धावू लागलो होतो. एम्बाप्पेने आदल्या दिवशी पत्रकारांसमोर फ्रान्सच्या मतदारांना टोकाच्या पक्षांपासून सांभाळायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियाविरुद्ध नाक फोडून घेतलं. लारीवर दोन्ही विषय एकाच दमात चघळले गेले. तुर्कस्तानच्या देमिरालने गोल करून हाताने लांडग्याची, म्हणजे तिकडच्या कडव्या राष्ट्रवाद्यांची, खूण केली, दोन सामन्यांची बंदी खाल्ली, जर्मनी आणि तुर्कस्तानने एकमेकांच्या राजदूतांना बोलावून घेतलं. सगळे त्या खुणेवर तुटून पडलेले, आणि मी एकटाच म्हणत होतो, “अरे, त्याचं जानेवारी २०२० ला एसीएल गेलेलं, आणि उड्या बघा!” माझं डोकं तेव्हा गुडघ्याएवढंच उरलं होतं, हे मान्य. स्पेनने गावीशिवाय कप जिंकला.

सप्टेंबरात मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीने सांगितलं की सामने इतके वाढलेत की खेळाडू संपावर जातील; त्याच आठवड्यात आर्सेनलविरुद्ध त्याचाच गुडघा गेला. गोलकीपर म्हणाला, “आता सिटी संपली.” रॉड्री संपला, असं मात्र माझ्यासमोर कुणी म्हटलं नाही.

ऑक्टोबरात माझी परीक्षा झाली. एका पायावर उडी, अंतर टेपने मोजायचं, डावा उजव्याच्या निदान ९० टक्के हवा. पहिल्यांदा ८४. दोन आठवड्यांनी ९२. त्या दोन आठवड्यांच्या मध्येच, २० ऑक्टोबरला, गावी सेव्हियाविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांसाठी उतरला. बाहेर येणाऱ्या पेद्रीने कॅप्टनची पट्टी त्याच्या दंडावर बांधली. रात्री दोन वाजून गेल्यावर मी ते नानांना उठवून दाखवलं. “कुठल्या गावी?” म्हणून ते कूस बदलून झोपले.

नोव्हेंबरात पोलो ग्राउंडवर मी उतरलो. ठरलं होतं दहा मिनिटं, कोपऱ्यात, कुणी अंगावर जायचं नाही. सातव्या मिनिटाला लिव्हरपूलवाल्याचा बूट लागला आणि मी आडवा. सगळे जागच्या जागी थबकले. मी पडल्या पडल्याच नडगी पुढे ओढून बघितली, खटकन अडली. बॉल मात्र कुणी थांबवला नव्हता, समोरच्या टीमचा नवा मुलगा तो घेऊन पळत सुटला आणि त्याने गोल मारला. मी उठून उभा राहीपर्यंत तो गोल धरायचा की नाही यावर गोलकीपर आणि लिव्हरपूलवाला एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते, आणि कुणालाच मला विचारायची शुद्ध नव्हती, पाय कसाय म्हणून.