पौडीच्या वाटेवरची कुलपं

उत्तराखंडात पौडीकडे जाताना कोटद्वार सोडलं की चढण सुरू होते. पर्यटकांच्या गाड्या लॅन्सडाउनकडे वळतात आणि सतपुलीला नयार नदी लागेपर्यंत रस्ता जवळपास रिकामा होतो. उतारांवर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आहेत, पण कित्येक पायऱ्यांवर नुसती घाणेरी माजली आहे.

2001 ते 2011 या दशकात उत्तराखंडची लोकसंख्या वाढली. पौडी आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची मात्र घटली. राज्य सरकारने 2017 मध्ये गावातून होणाऱ्या स्थलांतराचा अभ्यास करायला पलायन आयोग नेमला, त्याचं मुख्यालय पौडीतच ठेवलं. पुढच्याच वर्षीच्या अहवालात 2011 नंतर 734 गावं निर्मनुष्य झाल्याची नोंद आली. गाव सोडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कारण दिलं रोजगाराचं, त्याखालोखाल शिक्षणाचं.

मी उतरलो ते गाव अजून जागं आहे. पठालीच्या, म्हणजे दगडी पाट्यांच्या छपरांची घरं, तिबारी म्हणतात ते कोरीव लाकडी व्हरांडे आणि बहुतेक दारांना कुलपं. मंडुव्याची, म्हणजे नाचणीची भाकरी वाढताना घरच्या बोडी, म्हणजे मोठ्या काकू, म्हणाल्या, "डुकरं आणि माकडं पीक ठेवत नाहीत. पोरं तरी कशासाठी थांबतील?"

त्यांना दीनदयाळ उपाध्याय होमस्टे योजनेबद्दल विचारलं. डोंगरी भागात घर पाहुण्यांसाठी सजवायला कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान, अशी ही योजना. बोडींनी कागदच काढून दाखवले. जमीन अजून आजेसासऱ्यांच्या नावावर, वारस दिल्ली-डेहराडूनपासून मुंबईपर्यंत पांगलेले. वाटणी न झालेल्या अशा सामाईक खात्याला इथे गोल खाता म्हणतात. इतक्या सह्या गोळा केल्याशिवाय बँकेपुढे तारण ठेवायचं तरी काय?

खरी गाठ इथेच आहे, असं मला ठामपणे वाटतं. अनुदान घरासाठी मिळतं, पण घर कोणाचं हेच ठरलेलं नाही. विखुरलेले तुकडे एकत्र करणारा डोंगरी चकबंदीचा कायदा 2016 मध्येच झालाय. पण गावोगाव मोजणी करून खाती वेगळी करायची तर माणसं लागतात, वर्षानुवर्षं पगार लागतो. त्या कामाचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही, तरी पैसा आधी तिथे जायला हवा. नाहीतर ज्यांचे कागद आधीच चोख आहेत त्यांनाच अनुदान मिळेल आणि ओस पडत चाललेली घरं तशीच राहतील.

पौडीकडे गेलात तर शहरातल्या हॉटेलऐवजी खिर्सूच्या बाजूला एखाद्या गावात मुक्काम करा. हवा स्वच्छ असली की तिथून चौखंबा हे हिमशिखर दिसतं. आणि जेवणात झंगोऱ्याची, म्हणजे भगरीसारख्या बारीक धान्याची खीर आवर्जून मागा. धान्य त्याच शेतांतलं असतं.