पी वजा एक

दुसऱ्यांचं कोड सुरक्षित आहे का हे तपासणं माझं काम. गुप्त चाव्यांच्या देवाणघेवाणीच्या कोडमध्ये मोठी मूळ संख्या, म्हणजे पी, दिसली की मी आधी तिची सुरुवात बघते. आरएफसी ३५२६ या इंटरनेटच्या दस्तऐवजातली २०४८ बिटांची संख्या हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिली की, सोळा एफने सुरू होते आणि लगेच सी९०एफडीएए२ येतं. ते पाय (π) या संख्येचे अंक. आत कुणी काही पेरलेलं नाही हे दिसावं म्हणून मुद्दाम घेतलेले. त्या दिवशीची संख्या ३०९ अंकी होती आणि ओळखीची अजिबात नव्हती.

संख्या मूळ आहे का हे बघणाऱ्या मिलर-रॅबिन चाचणीच्या ६४ फेऱ्या लावल्या. विभाज्य संख्या एका फेरीतून निसटण्याची शक्यता फार तर चारात एक, म्हणजे ६४ नंतर शंका उरत नाही. संख्या मूळच होती. शेजारचा सहकारी म्हणाला, "मग टिक कर आणि पुढे जा." आमच्या चेकलिस्टमध्ये तेवढाच रकाना आहे. तो ज्याने आखला, त्याने पी वजा १ कडे कधी पाहिलेलं नाही.

मला तेच बघायचं होतं. २३ मधून एक काढला की २२, म्हणजे २ गुणिले ११. ३७ मधून काढला की ३६, त्यात नुसते २ आणि ३. दोन्ही मूळ. पण या देवाणघेवाणीत एका संख्येचा गुप्त घात काढून, पीने भागून उरलेली बाकी उघड पाठवतात, आणि त्या बाकीवरून घातांक शोधायचं कोडं ३७ साठी तुकड्यातुकड्यानं सुटतं, कारण ३६ चे अवयव लहान आहेत. पोलिग आणि हेलमन यांनी १९७८ मध्येच ही रीत छापली. मी भागत गेले आणि शेवटी हातात १ उरला. बेचाळीस अवयव, एकही आठ अंकांहून मोठा नाही. प्रत्येकाला फार तर दहा हजारांच्या आसपास पायऱ्या, मग तुकड्यांच्या उत्तरांची चिनी शेष प्रमेयानं जोडणी. गुप्त घातांक माझ्या साध्या लॅपटॉपवर जेवणाच्या सुट्टीआधी बाहेर आला.

संध्याकाळी कॉलवर ते कोड लिहिणारे वयस्कर इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पण संख्या मूळ आहे ना? माझ्याकडे सिद्धता आहे." त्यांनी ती पाठवली. ल्युकासची रीत: पी वजा १ चे सगळे अवयव माहीत असले की पी मूळ असल्याचं पक्कं सिद्ध करता येतं, शक्यतेवर काही सोडावं लागत नाही. म्हणून त्यांनी लहान मूळ संख्यांचे गुणाकार करून, एक मिळवून, जमेपर्यंत शोधलं होतं. मी ओळ न् ओळ तपासली. एकही चूक नाही. इतकी काळजी मी फार कमी कोडमध्ये पाहिली आहे, आणि कुलूप फुटलं ते त्याच काळजीपोटी.

रात्री घरी भांडी आवरताना लक्षात आलं की त्यांना दोन्ही मिळालं असतं. पी वजा १ बरोबर दोन गुणिले क्यू असा घ्यायचा, क्यू मूळ. क्यूची सिद्धता एकदा झाली की पॉकलिंग्टनच्या प्रमेयानं पीची दोन ओळींत होते, आणि तुकडे पाडायला काही राहत नाही. हे कॉलवरच सांगायला हवं होतं.

अहवाल तोवर गेला होता. मुद्दा तिसरा, 'गंभीर'. सिद्धतेबद्दल त्यात एक अक्षर नाही.