रिकामा

काल सकाळपासून एक शब्द डोक्यातून जात नाहीये.

झाले काहीच नाही. चिरंजीव दारात उभे राहून, बूट चढवता चढवता फोनवर कुणाला तरी सांगत होते, "पार्सल कधीही आणा हो, आमचे बाबा घरी रिकामेच असतात." एवढेच. आवाजात राग नव्हता, कुत्सितपणा नव्हता. उलट जरा हक्कच होता, ज्याच्यावर विसंबता येते अशा माणसाविषयी बोलताना असतो तसा. जाताना मला नेहमीसारखा हात करून गेला. पार्सल साडेअकराला आले. मी सही केली, त्याच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि खुर्चीत बसलो तो बसलोच. पेपरातली एकच ओळ चार वेळा वाचली.

रिकामा.

आधी वाटले, त्याने 'मोकळा' म्हणायला हवे होते. बाबा मोकळेच असतात. किती बरे वाटले असते! मोकळी हवा, मोकळे मन, मोकळे बोलणे. आणि रिकामा म्हटले की काय आठवते? रिकामा डबा, रिकामी खुर्ची, रिकामटेकडा, रिकामी उठाठेव. एक शब्द 'मुक्त'मधून आलेला, दुसरा 'रिक्त'मधून. संस्कृतातून मराठीत येईपर्यंत दोघे इतके झिजले, की बोलताना आपण एकाच्या जागी दुसरा सहज वापरतो. पण ज्याला लावला जातो त्याला फरक कळतो. मोकळा माणूस कशातून तरी सुटलेला असतो. रिकाम्या माणसात काही उरलेलेच नसते.

अडतीस वर्षे कचेरीत हिशेबाच्या खतावण्या लिहिल्या, त्या काय यासाठी?

हे वाक्य लिहून थांबलो होतो. खोडणार होतो, पण राहू दे. काल दुपारी खरोखर असेच वाटत होते, आणि रोजनिशीत तरी खोटे कशाला लिहायचे. निरोपाच्या दिवशी सगळे काय काय बोलले होते, तेही आठवले. ते असो.

'निवृत्त' हा शब्द मला कधी टोचला नव्हता. निवृत्त म्हणजे मागे वळलेला, परतलेला. इंग्रजी 'रिटायर' फ्रेंचमधून आला, त्याचाही अर्थ मागे ओढून घेणे, मागे सरणे असाच. दोन लांबलांबच्या भाषांना एकच कल्पना सुचली, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. गीतेत प्रवृत्ती आणि निवृत्ती हे शब्द जोडीने येतात. सोळाव्या अध्यायात म्हटले आहे की आसुरी वृत्तीच्या लोकांना या दोन्ही कळत नाहीत. म्हणजे पुढे कधी जायचे आणि मागे कधी वळायचे, हे दोन्ही शिकावे लागते. मागे वळण्यात चालणे आहे, दिशा आहे. रिकामे असण्यात काय आहे? दुपारी याच प्रश्नाभोवती फिरत राहिलो आणि चहा गार झाला.

संध्याकाळी ही स्वयंपाकघरात होती. ओट्याशी उभी, हात कोपरापर्यंत साबणात. मी दाराच्या चौकटीला टेकून विचारले, "काय गं, मी रिकामा असतो का?"

तिने मागे वळूनही पाहिले नाही. म्हणाली, "थांबा हो जरा. हात रिकामा झाला की बोलू."

मी तिथेच थांबलो. तिने एक पातेले विसळले, पालथे घातले. दुसरे घेतले. तळाशी काहीतरी धरले होते, ते नखाने खरवडले, बोट फिरवून पाहिले, पुन्हा खरवडले. नळ बंद केला. ओटा पुसला, फडके पिळले, दांडीवर टाकले, टोके जुळवून सरळ केले. मग पदराला हात पुसत वळली आणि म्हणाली, "हं. काय म्हणत होता?"

मला एकदम काही बोलताच येईना.

लग्नाला इतकी वर्षे झाली, दिवसातून दहा वेळा हे वाक्य कानावर पडते. हात रिकामा झाला की फोन करते. हात रिकामा झाला की बसते. आत्ता हात रिकामा नाही. हा तोच शब्द! आणि तिच्या तोंडी तो कधी केविलवाणा वाटला नाही. तिचा हात रिकामा होतो तो दोन कामांच्या मध्ये, क्षणभर. एक काम नीट संपवल्याची खूण म्हणून, आणि दुसरे उचलता यावे म्हणून. भरलेल्या हाताने माणूस दुसऱ्याला धरू शकत नाही.

रात्री झोप लागली नाही. मग एकामागून एक आठवत गेले. गाडीत चढल्यावर आपण पहिले काय शोधतो? रिकामी जागा. भांडे कुणाला देताना रिकामे करूनच देतो. आणि रोज सकाळी उठल्याबरोबर मी जी थायरॉइडची गोळी घेतो, ती 'रिकाम्या पोटी'च घ्यायची. त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही खायचे नाही, कारण अन्नाबरोबर घेतली तर ती अंगात पुरेशी शोषली जात नाही. डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. इतकी वर्षे ते दोन शब्द रोज पाळतो आहे. रिकामे पोट ही तिथे उणीव नसते, ती अट असते.

पण पोट वेगळे, माणूस वेगळा. मनाची समजूत घालायला शब्द वाकवू नयेत, एवढे तरी अडतीस वर्षांत शिकलो आहे. आकडा वाकवला की तो पुढे कुठेतरी फरक म्हणून वर येतोच.

त्यावरून एक रात्र आठवली. नोकरीची पहिली काही वर्षे असतील. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाकींचा ताळा, जुळत नव्हती. फरक होता २४३० चा. सगळे घरी गेले, मी आणि आमचे हेडक्लार्क राहिलो. मी पानामागून पान तपासत होतो. त्यांनी डोळे मिटून एवढेच विचारले, "नऊने भाग जातो का?" गेला. भागाकार आला २७०. "मग २७० शोध." पाच मिनिटांत सापडले. मीच कीर्दीतून, म्हणजे रोजच्या नोंदवहीतून, खतावणीत नेताना २७०० चे २७० केले होते. शून्य गळले की फरक त्या गळक्या आकड्याच्या नऊपट येतो. आकड्यातले दोन अंक उलटसुलट झाले तरी फरकाला नऊने भाग जातो. हे तेव्हा मला जादूसारखे वाटले होते. आता वाटते ते वेगळेच. त्या शून्यात स्वतःचे काहीही नव्हते. ते फक्त एका जागी बसून होते. पण ते उठून गेल्याबरोबर बाकी सगळ्यांची किंमत दहा पटींनी घसरली आणि एक अख्खी संध्याकाळ त्याच्या शोधात गेली.

शून्य या शब्दाचाही अर्थ रिकामे असाच. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये त्याच्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम लिहिले. पुढे अरबांनी त्याला 'सिफ्र' म्हटले, म्हणजे पुन्हा रिकामेच. १२०२ मध्ये फिबोनाची या इटालियन गणितज्ञाने लॅटिनमध्ये त्याचे 'झेफिरम' केले आणि त्यातून आजचा 'झीरो' आला. इतक्या भाषा फिरला, पण कुणी त्याचे नाव सुधारून 'मोकळा' केले नाही. रिकाम्यालाच रिकामे म्हणत गेले आणि त्याच्याकडून एवढे काम करून घेतले.

हे सगळे चिरंजीवांच्या डोक्यात होते असे मी म्हणत नाही. तो घाईत होता, तोंडाला आला तो शब्द त्याने वापरला. पण आता त्याला तो परत घ्यायला सांगावासा वाटत नाही. काल दुपारी वाटत होते.

मात्र आमच्या कामात एक नियम होता आणि तो मला आजही योग्य वाटतो. रकाना रिकामा सोडायचा नाही. दाखवण्यासारखे काही नसेल तर 'निरंक' लिहायचे. नवीन मुलांना हे पटायचे नाही. काहीच नाही ते लिहायचे कशाला, म्हणायचे. मी सांगायचो, अरे, रिकामा रकाना पाहून कळत नाही, की खरेच काही नव्हते की कुणी पाहिलेच नाही. निरंक म्हणजे मी पाहिले, शोधले, आणि नव्हते. त्या एका शब्दाखाली माणसाची सही असते. कितीदा सांगितले असेल मी हे!

तर आज सकाळी, गोळी घेतल्यावर, ही वही मागे चाळली. या महिन्यातली अकरा पाने कोरी. गेल्या महिन्यातली तेरा. मला टोचत होते ते कदाचित चिरंजीवांचे बोलणे नव्हतेच. ही पाने मीच सोडली होती. लिहिण्यासारखे काही नाही, असे मीच दर रात्री ठरवत होतो. पाहिल्याशिवाय.

म्हटले, नियमाने करू. पेन घेतले. गेल्या आठवड्यातल्या सोमवारच्या पानावर निरंक लिहिले आणि पुढे गेलो. मंगळवार. 'नि' लिहिला आणि हात थांबला. मंगळवारी मी चिरंजीवांबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. आम्ही बाहेरच्या बाकावर तीन तास बसलो. त्याचे नाव पुकारले तेव्हा तो उठला आणि न बोलता चष्मा माझ्या हातात देऊन आत गेला. तो परत येईपर्यंत मी चष्मा दोन्ही हातांत धरून बसलो होतो. काचेला बोटे लागू नयेत म्हणून काड्यांना धरून.

हे मी निरंक लिहिणार होतो.

'नि' खोडला. लिहिले, "दवाखाना. तीन तास. चष्मा सांभाळला." मग सोमवारवर परत आलो. सोमवारी खरेच काही नव्हते का? आठवून पाहिले. पाऊस नव्हता, कुणी आले नव्हते, फोन एक आला होता तो चुकीचा. अर्धा तास आठवले. सोमवार निरंक. तो तसाच ठेवला.

बुधवार मात्र काही केल्या आठवत नाही. तिला आठवत असेल. आत भांड्यांचा आवाज येतो आहे. तिचा हात रिकामा झाला की विचारतो.