पूर्वपक्ष लिहिताना: वक्तृत्वशास्त्र, तत्त्वज्ञान आणि चालू घडामोडी या अभ्यासक्रमाचा माझा अनुभव

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी वक्तृत्वशास्त्र, तत्त्वज्ञान आणि चालू घडामोडी या तिन्हींचा एकत्रित अभ्यासक्रम निवडला. मूल्यमापनाची रचना वरवर सुटसुटीत होती. सत्रभर एकाच चालू प्रश्नाचा पाठपुरावा करायचा, त्याविषयीच्या बातम्यांची टिपणवही ठेवायची, आपल्याला न पटणाऱ्या बाजूचा निबंध, म्हणजे पूर्वपक्ष, लिहायचा, त्यानंतर स्वतःच्या बाजूचे भाषण करायचे आणि अखेरीस परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. यांतले एकेक काम सुटे घेतले तर कोणतेच फार अवघड नव्हते. अवघड होते ते या तीन विषयांना एकमेकांशी बोलते करणे, कारण अशा कामात बहुधा बातमी एका परिच्छेदात, तत्त्ववेत्ता दुसऱ्यात आणि भाषणकलेच्या संज्ञा तिसऱ्यात अशा वेगवेगळ्या नांदत राहतात आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की या मंडळींना एका निबंधात कशासाठी बोलावले होते.

प्रश्न निवडताना मी एकच कसोटी लावली: दोन्ही बाजूंना विचारी माणसे दिसली पाहिजेत. त्या कसोटीवर सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडू द्यावे की नाही, हा प्रश्न उतरला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये यासंबंधीचा कायदा संमत केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. सोळा वर्षांखालील मुलांची खाती राहू नयेत म्हणून कंपन्यांनी वाजवी पावले उचलावीत, अन्यथा त्यांना ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, असा त्याचा गाभा आहे. मुलांना किंवा पालकांना त्यात शिक्षा नाही.

हा शेवटचा तपशील टिपणवहीत फार उपयोगी पडला. काही बातम्यांचा सूर ‘मुलांवर बंदी’ असा होता, तर काहींचा ‘कंपन्यांवर अट’ असा. कायदा एकच, पण पहिल्या मांडणीत मूल हे कारवाईचे लक्ष्य होते आणि दुसऱ्या मांडणीत ते संरक्षणाचा विषय. शीर्षक वाचून झालेल्या वाचकाचा कल बातमीचा मजकूर सुरू होण्याआधीच अर्धा ठरलेला असतो. म्हणून मी टिपणवहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखले: काय म्हटले आहे, कोण म्हणते आहे आणि कशाच्या आधारावर. मधला रकाना सर्वांत जास्त वेळा रिकामा राहिला. ‘चिंता व्यक्त होत आहे’, ‘मागणी जोर धरत आहे’, ‘असे मानले जाते’ या वाक्यांत कर्ता शोधून सापडत नाही, आणि मजा अशी की कर्ता नसल्यामुळेच ती वाक्ये अधिक सर्वमान्य वाटतात. वक्तृत्वशास्त्राचा अभ्यास म्हणजे उपमा-अलंकारांची मोजदाद, अशी समजूत असणाऱ्याने आठवडाभर हा मधला रकाना भरून पाहावा.

टिपणवही फुगत गेली तसा तिचा उपयोग कमी होऊ लागला. नोंदी भरपूर झाल्या, पण त्यांतून वाद नेमका कशावर आहे हे कळेना. त्या टप्प्यावर आमच्या मार्गदर्शक मॅडमनी वादस्थानांचा जुना सिद्धांत पुन्हा वाचायला सांगितला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या हर्मागोरास या ग्रीक शिक्षकाने तो मांडला आणि पुढे सिसेरो व क्विंटिलियन या रोमन लेखकांनी तो विस्तारला. मूळ उपयोग न्यायालयातला. कोणत्याही तंट्यात प्रथम विचारायचे की गोष्ट घडली आहे का, मग ती कोणत्या प्रकारात मोडते, मग ती योग्य की अयोग्य, आणि शेवटी तिचा निवाडा करण्याचा अधिकार कुणाचा. दोन पक्ष ज्या प्रश्नावर एकमेकांना भिडतात ते त्या वादाचे स्थान.

मी सगळ्या नोंदी या चार प्रश्नांखाली नव्याने लावल्या आणि चित्र एकदम बदलले. कायद्याचे समर्थक बहुतांशी पहिल्या प्रश्नावर उभे होते: मुलांच्या मनावर, झोपेवर, एकाग्रतेवर परिणाम होतो आहे. विरोधक बहुतांशी चौथ्यावर: हे सरकारने ठरवायचे की घराने? एकाने हानीचे पुरावे द्यायचे आणि दुसऱ्याने अधिकाराबद्दल बोलायचे, अशी ती चर्चा चालली होती, आणि दोघांनाही प्रामाणिकपणे वाटत होते की समोरचा विषय टाळतो आहे. दुसऱ्या प्रश्नाखाली मला सुरुवातीला फारसे काही सापडेल असे वाटले नव्हते, पण तिथेच अंमलबजावणीची खरी अडचण निघाली. यूट्यूबला आरंभी या कायद्यातून वगळण्याचे ठरले होते आणि जुलै २०२५ मध्ये ते मर्यादेच्या आत आणण्याचा निर्णय झाला. एखादे संकेतस्थळ चित्रफितींचा साठा आहे की समाजमाध्यम, ही चर्चा व्याख्याप्रेमी प्राध्यापकांची करमणूक वाटते खरी. परंतु दंडाची तरतूद कुणाला लागू होणार हे तिच्यावरच अवलंबून असते.

पहिल्या प्रश्नावर मात्र मला सर्वांत जास्त काळ थांबावे लागले. समाजमाध्यमांचा वापर वाढला आणि त्याच काळात किशोरवयीन मुलांच्या मानसिक तक्रारी वाढल्या, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाचणारा त्यांच्यातला कार्यकारणभाव स्वतःच जोडून घेतो. ॲरिस्टॉटलने ज्या प्रकारच्या युक्तिवादाला वक्तृत्वाचे हृदय मानले तो हाच: वक्ता एक विधान मुद्दाम किंवा सवयीने गाळतो आणि श्रोता ते आपल्या मनाने भरून काढतो. स्वतः भरलेले विधान आपलेच वाटते, म्हणून ते तपासायचे राहून जाते. ‘मुलांचे नुकसान होते, म्हणून खाती बंद करावीत’ या वाक्यात ‘ज्याने नुकसान होते ते बंद करणे हाच त्यावरचा योग्य उपाय’ हे विधान न बोलता बसलेले आहे, आणि ते तर पहिल्या विधानाहून जास्त वादग्रस्त आहे.

इथे मदतीला आला न्यायदर्शनातला, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातला, विचार. कारण म्हणजे कार्याच्या आधी नियमाने असणारे, पण केवळ आधी असणे पुरेसे नाही. ते अन्यथासिद्ध, म्हणजे कार्याच्या दृष्टीने अनावश्यक, असता कामा नये. याचे परंपरेने चालत आलेले उदाहरण कुंभाराच्या गाढवाचे आहे. गाढव माती वाहून आणते, घडा घडण्यापूर्वी ते तिथे हजर असते, पण घड्याचे कारण म्हणून त्याचे नाव कुणी घेत नाही, कारण माती दुसऱ्या मार्गानेही येऊ शकते. मी माझ्या नोंदींतल्या प्रत्येक दाव्याला हा प्रश्न विचारला: इथे समाजमाध्यम ही माती आहे, चाक आहे की गाढव? काही दावे लगेच गळाले. एकटेपणामुळे मूल पडद्याकडे वळते आणि पडद्यामुळे एकटेपणा वाढतो, अशा दुहेरी संबंधाचे दावे मात्र कुठल्याच खान्यात नीट बसेनात, आणि मी ते तसेच, ‘दिशा अनिश्चित’ असे लिहून ठेवले. मॅडमनी त्या शेऱ्याखाली बरोबरची खूण केली, जी त्या वहीत फारशी कुठे दिसत नव्हती.

पुढचे काम विरुद्ध बाजूच्या निबंधाचे. माझा कल कायद्याच्या बाजूने होता, त्यामुळे निबंध विरोधकांचा लिहायचा होता. अट अशी की खऱ्या विरोधकाने तो वाचला तर त्याने ‘होय, हेच माझे म्हणणे आहे’ असे म्हटले पाहिजे. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी मांडून मगच सिद्धांताकडे वळण्याची जी रीत आहे तिचा खरा कस मला इथे कळला. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडणे सोपे असते आणि त्यातून लेखकाचा आळस तेवढा सिद्ध होतो. न्यायदर्शनाने चर्चेचे जे प्रकार केले आहेत त्यांत सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडण्यासाठी होते ती वितंडा. बातम्यांखालच्या चर्चेत वितंडेचे प्रमाण किती असते हे वाचकांना मी सांगायला नको.

विरोधकांच्या वतीने पहिल्यांदा हाताशी येणारा तत्त्ववेत्ता म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल. एखाद्यावर त्याच्या इच्छेविरुद्ध सत्ता चालवायची तर ती इतरांना होणारी हानी टाळण्यासाठीच, या त्याच्या तत्त्वाचा हवाला या विषयावर सर्रास दिला जातो. पण ‘ऑन लिबर्टी’ या १८५९ च्या ग्रंथात मिलने हे तत्त्व मांडल्यावर लगेच स्पष्ट केले आहे की ते प्रौढांपुरते आहे, मुलांना लागू नाही. म्हणजे खाते बंद करण्याविरुद्ध मिलला उभे करणे हे त्याच्याच शब्दांशी विसंगत. पूर्वपक्ष बळकट करायचा तर त्याला दुसरा पाया हवा होता आणि तो मला १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मिळाला. त्याचे बारावे कलम मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत ऐकून घेण्याविषयी आहे, तेरावे अभिव्यक्तीविषयी आणि सतरावे माहिती मिळण्याविषयी. इथे मूल केवळ जपण्याची वस्तू राहत नाही, त्याला आवाज आहे. शिवाय जोएल फाइनबर्ग या तत्त्वज्ञाने १९८० मध्ये मांडलेली कल्पनाही घेतली: प्रौढपणी निवड करता यावी म्हणून मुलाचे भविष्य खुले ठेवण्याचा त्याला हक्क आहे. ही कल्पना दोन्ही बाजूंना वापरता येते हे तिचे वैशिष्ट्य. समर्थक म्हणेल की व्यसन जडू न देणे म्हणजे भविष्य खुले ठेवणे. विरोधक म्हणेल की एकाकी किंवा वेगळ्या वाटणाऱ्या मुलाला आपल्यासारखे लोक जिथे भेटतात ते दार बंद करणे म्हणजे भविष्य आवळणे.

हा निबंध लिहून झाल्यावर माझ्या स्वतःच्या बाजूचे वाक्य पूर्वीसारखे राहणे शक्य नव्हते. भाषणाच्या पहिल्या खर्ड्यात ते असे होते: ‘सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांपासून दूर ठेवले पाहिजे.’ समासात मॅडमचा शेरा होता, ‘कुणी, कुणाला, कोणत्या पुराव्यावर आणि कधीपर्यंत?’ स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी रचना दाखवली तिच्यात दावा आणि आधार यांच्याबरोबरच दाव्याची मर्यादा आणि अपवाद यांनाही स्वतंत्र जागा आहे. त्या जागा भरत गेल्यावर वाक्य झाले: ‘हानीच्या पुराव्याची दिशा पूर्ण निश्चित नसतानाही, वयाची अट पाळण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा कायदा, ठरलेल्या मुदतीनंतर मुलांचेही म्हणणे ऐकून त्याचा फेरविचार होणार असेल तर, समर्थनीय आहे.’ हे वाक्य टाळ्या घेणारे नाही. वर्गातल्या एका मित्राने ते ऐकून मला सरकारी परिपत्रक म्हटले, आणि त्यात तथ्य होते.

म्हणून भाषण बसवताना प्रश्न उरला तो प्लेटोचा. त्याच्या एका संवादात सॉक्रेटिस वक्तृत्वाला पाककलेच्या पंगतीत बसवतो: जे हितकर ते सोडून जे गोड लागते ते देणारी कला. तिथेच तो म्हणतो की मुलांच्या न्यायमंडळासमोर आचाऱ्याने वैद्यावर खटला भरला, तर कडू औषधे देणाऱ्या वैद्याला बचावच करता येणार नाही. माझ्या विषयाला हा दाखला इतका चपखल होता की भाषणाची सुरुवात त्यानेच करण्याचा मोह झाला. मी तो वापरला नाही. त्यात श्रोते मुले ठरतात आणि वक्ता शहाणा वैद्य, आणि मुलांचे म्हणणे ऐकावे असे सांगणाऱ्या भाषणाने त्यांना आरंभीच न ऐकण्याजोगे ठरवणे बरे दिसले नसते. ॲरिस्टॉटलचा मार्ग मला जास्त मानवतो. वक्त्याविषयीचा विश्वास, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद ही तिन्ही मन वळवण्याची साधने आहेत हे तो मान्य करतो आणि प्रत्येक प्रसंगी कोणती साधने उपलब्ध आहेत हे पाहण्याची शक्ती म्हणजे वक्तृत्व, अशी व्याख्या करतो. मी विश्वासाचे साधन निवडले: भाषणाच्या सुरुवातीलाच पूर्वपक्षातला सर्वांत भक्कम मुद्दा, एकाकी मुलाचा, सांगितला आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही हेही सांगितले. त्यानंतर श्रोते परिपत्रकी वाक्यसुद्धा शांतपणे ऐकून घेतात, असे दिसले.

तोंडी परीक्षेत तत्त्वज्ञांच्या नावांविषयी फारसे विचारले गेले नाही. बहुतेक वेळ एकाच प्रश्नावर गेला: ‘उद्या या कायद्यानंतरही मुलांच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत असे दिसले, तर तुमच्या भाषणातले कोणते वाक्य बदलेल?’ मी सांगितले की हानीविषयीचे वाक्य लगेच बदलणार नाही, कारण अट नीट पाळली गेली नाही अशीही शक्यता राहील. आधी मुले खरोखर बाहेर राहिली का हे तपासावे लागेल. त्यावर दुसऱ्या परीक्षकांनी विचारले, ‘मग तुमचा दावा खोटा ठरण्याचा मार्ग कोणता?’ हा प्रश्न रास्त होता. मुले खरोखरच बाहेर राहिली आणि तरीही झोप, एकाग्रता किंवा मानसिक तक्रारी यांत फरक पडला नाही, तर माझा पहिल्या वादस्थानावरचा आधार जातो आणि कायद्याचे समर्थन उरले तर ते फक्त कंपन्यांच्या उत्तरदायित्वावर उरते, असे मी उत्तर दिले. त्यांनी ते लेखी मागितले. अंतिम निबंध सादर करण्यापूर्वी मी तो परिच्छेद मर्यादांच्या भागात जोडला आणि टिपणवहीत पहिल्या प्रश्नाखाली अंमलबजावणीनंतरच्या नोंदींसाठी पाने कोरी सोडली.